सोडून दिलेल्या पेग्मटाइट खाणीतील खनिजसंग्रह : मेनमधील माउंट अ‍ॅपेटाइट

धागाकर्ता : पाषाणवेल्हाळ

मराठी मंडळींत खनिजसंग्रहाचा विषय निघाला की तो बहुधा झिओलाइटांवर, म्हणजे बेसाल्टाच्या पोकळ्यांत मिळणाऱ्या स्फटिकांवर, येऊन थांबतो, आणि दख्खनच्या बेसाल्टाने आपल्या पदरात जे टाकले आहे ते पाहता त्यात नवल नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहणाऱ्यांच्या दाराशी मात्र वेगळ्याच जातीचा खडक आहे. मेन, न्यू हॅम्पशायर आणि कनेक्टिकट या राज्यांत पेग्मटाइटाच्या कितीतरी जुन्या खाणी पडून आहेत. त्यांतल्या बऱ्याच खाजगी मालकीच्या असून बंद आहेत, काही झाडीत गडप झाल्या आहेत, आणि हौशी माणसाला छिन्नी-हातोडी घेऊन राजरोस जाता येईल अशा जागा मोजक्याच उरल्या आहेत. मेनमधील ऑबर्न शहराच्या हद्दीतली माउंट अ‍ॅपेटाइट ही टेकडी त्या मोजक्या जागांपैकी एक आहे. तिथे मी बरेच हंगाम जात आलो आहे, आणि नव्याने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी खडकाविषयी थोडे. पेग्मटाइट हा घडणीने बहुतांशी ग्रॅनाइटच असतो, म्हणजे फेल्डस्पार, गारगोटी (क्वार्ट्झ) आणि अभ्रक यांचाच बनलेला. फरक असतो तो स्फटिकांच्या आकारमानाचा. शिलारसाचा मोठा साठा थिजत जातो तेव्हा नेहमीची खनिजे आधी घडतात, आणि लिथियम, बेरिलियम, बोरॉन, फ्लुओरीन, फॉस्फरस, सीझियम, टँटलम यांसारख्या ज्या मूलद्रव्यांना त्या खनिजांच्या जाळीत जागा मिळत नाही, ती शेवटी उरलेल्या पाणीदार रसात साचत जातात. या रसात स्फटिकांची बीजे थोडीच पडतात आणि जी पडतात ती झपाट्याने वाढतात. दोऱ्यावर खडीसाखर धरते त्यातलाच हा प्रकार आहे. याच राज्यातल्या ऑल्बनी येथील बंपस खाणीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस बेरिल या बेरिलियमच्या खनिजाचा जो स्फटिक निघाला, तो सुमारे १८ फूट लांब होता. मेनमधले हे पेग्मटाइट साधारण २५ ते २७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आपला दख्खनचा बेसाल्ट त्या मानाने कालपरवाचा म्हणावा लागेल, कारण त्याचे वय साडेसहा कोटींच्या आसपास आहे.

माउंट अ‍ॅपेटाइटचे नाव संग्राहकांच्या जगात गाजले ते तिथल्या जांभळ्या अ‍ॅपेटाइटामुळे, म्हणजे फॉस्फेटाच्या एका खनिजामुळे. १९०१ साली पल्सिफर खाणीतल्या एका पोकळीत गर्द जांभळे, काचेसारखे नितळ स्फटिक सापडले, आणि त्या खाणीचा ‘रोबलिंग अ‍ॅपेटाइट’ म्हणून ओळखला जाणारा नमुना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. हे रोबलिंग म्हणजे ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग. त्यांचा प्रचंड खनिजसंग्रह त्यांच्या निधनानंतर स्मिथसोनियनकडे गेला. नवख्या माणसाने हे वाचून जांभळ्या स्फटिकाची आस धरून टेकडी चढू नये, एवढेच मी सुचवीन. ती पोकळी रिकामी होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत.

आता मूळ मुद्दा. या खाणी रत्नांसाठी नव्हे, तर फेल्डस्पारसाठी खणल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी चिनी मातीची भांडी आणि त्यांवरची झिलई यांसाठी फेल्डस्पारला मोठी मागणी होती, आणि त्या धंद्यात लोह हा शत्रू होता, कारण दळलेल्या फेल्डस्पारमध्ये लोहयुक्त खनिजाचा कण राहिला तर भट्टीत पांढऱ्याशुभ्र भांड्यावर काळा ठिपका उमटतो. म्हणून कामगार फोडलेला दगड हाताने निवडत असत. स्वच्छ फेल्डस्पार गाडीत जाई. काळे टूर्मलीन, गार्नेट, कृष्ण अभ्रक आणि त्यांना चिकटलेले जे काही असेल ते सगळे कडेला ढिगावर पडे. खाणमालकाच्या दृष्टीने जो कचरा होता, नेमका तोच आज आपल्याला हवा आहे, आणि तो आपल्या आधी कोणीतरी मेहनतीने वेगळा काढून ठेवला आहे. खाणीच्या उभ्या भिंतीवर छिन्नी चालवत बसणारे हौशी लोक मला दरवेळी दिसतात. त्या भिंतीत उरलेला फेल्डस्पार खाणवाल्यांनाही नको होता, आणि हिवाळ्यातल्या बर्फाने भेगा रुंदावल्यामुळे तिच्याखाली उभे राहणे धोक्याचेही आहे. भिंत निरखावी, तिच्यातले पट्टे समजून घ्यावेत आणि मग ढिगाकडे वळावे.

ढिगाकडे वळल्यावरही समोर आलेला प्रत्येक दगड फोडत सुटण्यात अर्थ नाही. पेग्मटाइटाच्या शिरेत कडेपासून गाभ्यापर्यंत पट्टे असतात. कडेला बारीक दाण्याचा, अभ्रकयुक्त भाग असतो. त्याच्या आत ग्राफिक ग्रॅनाइट लागतो. त्यात फेल्डस्पारच्या पार्श्वभूमीवर करड्या गारगोटीच्या कोनदार रेघा बाणाकृती लिपीसारख्या उमटलेल्या दिसतात. हा दगड देखणा असतो, एखादा तुकडा घरी ठेवायला हरकत नाही, पण त्यात दुर्मीळ खनिजाची आशा ठेवू नये. त्याच्या आत फेल्डस्पारचे मोठाले ठोकळे, आणि सगळ्यांत आत गारगोटीचा गाभा असतो. दुर्मीळ खनिजे बहुधा गाभ्याच्या आसपास असतात, आणि त्यांची खूण म्हणजे क्लीव्हलँडाइट, अर्थात पातळ पात्यांच्या रूपात वाढलेला अल्बाइट जातीचा पांढरा फेल्डस्पार.

असा एक दगड आत्ता माझ्यासमोर आहे. मुठीत मावेल एवढाच आहे. एका बाजूला धुरकट गारगोटी, तिच्याखाली पांढऱ्या, किंचित वाकलेल्या पात्यांचे पंखे, आणि त्या पात्यांच्या फटींत पिवळसर-हिरव्या अभ्रकाचे बारीक ठोकळे. दहापटीच्या भिंगाखाली पात्यांमध्ये फिकट निळसर-हिरवे, आखूड, षट्कोनी अ‍ॅपेटाइट दिसतात. नुसत्या डोळ्यांना ते धुळीचे कण वाटतात. हा दगड कोणीतरी उचलून, निरखून परत टाकलेला होता. पांढरी पाती दिसली की तिथेच बूड टेकावे, दगड पाण्याने धुवावा, भिंग लावावे, आणि घण उचलण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा. माझा अनुभव असा आहे की चांगल्या नमुन्यांपैकी निम्मे तरी फोडण्याने मिळण्याऐवजी फोडण्याने जातात.

साहित्य फार लागत नाही. दीड किलोच्या आसपासचा घण, दोन-तीन छिन्न्या, तीन दातांची बागकामाची खुरपणी, पाव इंची जाळीची चाळण, पाण्याची फवारणी बाटली, भिंग, जुनी वर्तमानपत्रे आणि पेन. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातांत जाड मोजे अत्यावश्यक आहेत. उद्यान शहराच्या मालकीचे असून सुमारे ३२५ एकरांचे आहे. तिथे हातांनी चालवायची अवजारेच चालतात. यंत्रे आणि स्फोटके यांना मनाई आहे. टेकडीवरच्या सगळ्याच जुन्या खाणी उद्यानात येत नाहीत, त्यामुळे हद्द पाहून राहावे, झाडांच्या मुळांखाली खणू नये आणि निघताना खड्डा बुजवावा. अशी जी थोडी ठिकाणे खुली आहेत, ती पुढेही खुली राहणे आपल्याच वागण्यावर अवलंबून आहे.

जाणकारांनी भर घालावी आणि शंका असतील तर विचाराव्यात.

प्रतिसाद : बॉस्टनवासिनी

लेख आवडला. आम्ही काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन न्यू हॅम्पशायरमधल्या ग्राफ्टनच्या रगल्स खाणीत जात असू. तिथे तिकीट काढून आत जायचे, बादली आणि हातोडी मिळायची, आणि मुले अभ्रकाचे पापुद्रे सोलण्यात तासन्‌तास रमायची. २०१६ नंतर ती बंद झाली, त्यामुळे तिची जागा घेईल असे ठिकाण आम्ही शोधतच होतो. माझे तीन प्रश्न आहेत. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना माउंट अ‍ॅपेटाइटला नेणे कितपत सुरक्षित आहे? कोणत्या महिन्यांत जावे? आणि तिथे किरणोत्सारी खनिजे आहेत असे ऐकले, त्यात तथ्य किती?

प्रतिसाद : पाषाणवेल्हाळ

बॉस्टनवासिनी ताई, रगल्सचा उल्लेख केलात हे बरे झाले. ती खाण १८०३ साली सॅम रगल्स याने अभ्रकासाठी सुरू केली, आणि त्या काळी हे अभ्रक दिव्यांच्या चिमण्यांत आणि शेगड्यांच्या खिडक्यांत वापरले जाई, कारण ते पारदर्शक असून उष्णतेने तडकत नाही. १९६३ पासून ती पर्यटकांना खुली होती. तिथला नारिंगी-पिवळा गमाइट संग्राहकांत प्रसिद्ध आहे, आणि तो युरेनियमच्या खनिजांच्या झिजेतूनच तयार झालेला असतो. म्हणजे मुलांना घेऊन जिथे तुम्ही जात होतात, तिथे किरणोत्सारी खनिजे माउंट अ‍ॅपेटाइटपेक्षा अधिकच होती.

माउंट अ‍ॅपेटाइटवर ऑट्युनाइट या युरेनियमच्या खनिजाचे लिंबासारखे पिवळे पापुद्रे दगडांच्या भेगांत मिळतात. अतिनील दिव्याखाली ते झळझळीत हिरवे दिसतात, आणि मुलांना त्याचे वेड लागते हे खरे आहे. एखादा छोटा नमुना हाताळल्याने काही होत नाही, मात्र त्याची भुकटी होऊ देऊ नये, हात धुतल्याशिवाय खाऊ नये, आणि असे नमुने निजायच्या खोलीत किंवा बंद कपाटात साठवू नयेत, कारण त्यांतून रेडॉन वायू बाहेर पडतो.

खरी काळजी घ्यायची ती दुसऱ्याच दोन गोष्टींची. पहिली म्हणजे हरणांवरची गोचीड. लाइम रोग हे नाव ज्यावरून पडले ते गाव इथल्याच कनेक्टिकटमध्ये आहे, आणि मेनमध्ये या रोगाचे प्रमाण मोठे आहे. पायजमा मोज्यांत खोचावा, फिक्या रंगाचे कपडे घालावेत, घरी आल्यावर मुलांचे कान, काखा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू नीट तपासावी, आणि पुढच्या काही दिवसांत कातडीवर पसरत जाणारे लालसर वर्तुळ दिसले तर तडक डॉक्टर गाठावा. दुसरी म्हणजे गारगोटीची धूळ. ती फुप्फुसात जाऊन बसते, म्हणून दगड फोडण्याआधी तो ओला करावा. मुलांना घण देऊच नये. त्यांना चाळण आणि पाण्याची बाटली द्यावी. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते आणि ती जमिनीच्या जवळही असतात. मे-जूनमध्ये चावऱ्या काळ्या माश्या जीव नकोसा करतात, त्यामुळे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी गेलात तर ढिगावरची माती धुऊन निघालेली असते. पाण्याने भरलेल्या जुन्या खड्ड्यांच्या काठापासून मात्र मुलांना लांबच ठेवावे.

प्रतिसाद : भूस्तर

मी निवृत्त भूवैज्ञानिक आहे आणि माझ्या नोकरीचा काही काळ झारखंडच्या अभ्रकपट्ट्यात, म्हणजे कोडरमा आणि गिरिडीहच्या परिसरात गेला. पाषाणवेल्हाळ यांनी पट्ट्यांविषयी जे लिहिले ते बरोबर आहे. मात्र त्याचा नियम करून बसू नये. बहुसंख्य पेग्मटाइट साधे असतात. त्यांत पट्टे असतात, गारगोटीचा गाभाही असतो, पण लिथियमचा लवलेशही नसतो, आणि अशा खाणीत माणूस आयुष्यभर चाळण हलवत बसला तरी त्याला रंगीत टूर्मलीन मिळणार नाही. आधी त्या शिरेचे रसायन कोणत्या टप्प्यापर्यंत गेले होते ते पाहावे. त्यासाठी सोपी खूण टूर्मलीनचा रंग आहे. सगळे टूर्मलीन काळे असेल तर लोह अद्याप शिल्लक होते, म्हणजे रस पुरता मुरला नव्हता. एकाच स्फटिकाचे मूळ काळे आणि टोक हिरवे किंवा गुलाबी होत गेलेले असेल, तर तिथे थांबण्यासारखे आहे. सोबत जांभळट लेपिडोलाइट, म्हणजे लिथियमयुक्त अभ्रक, दिसले तर लिथियमविषयी शंका उरत नाही.

मेनमधल्या खाणकामगारांत गार्नेटच्या ओळीची जी खूण मानतात, तिचाही उल्लेख व्हायला हवा होता. शिरेच्या मध्याखाली गार्नेटच्या दाण्यांची एक सलग रेघ असते आणि पोकळ्या असल्याच तर त्या रेघेच्या वर असतात. माउंट मायकाच्या खाणीत ही खूण उपयोगी पडत आली आहे. कोडरमा पट्ट्यात मात्र मी तिच्यावर विसंबलो नसतो, कारण तिथले पेग्मटाइट फार खोलीवर थिजले आणि त्यांत मोकळ्या पोकळ्या क्वचितच आढळतात. तिथे अभ्रकाची चोपडी मिळतात, बेरिलही मिळते, पण ते दगडात घट्ट रुतलेले असते.

आणखी एक गोष्ट परखडपणे सांगतो. हौशी संग्राहक नमुना नेतो, पण तो कुठल्या पट्ट्यातून, कशाच्या शेजारून आला ही माहिती बहुधा तिथेच टाकून देतो. खनिजशास्त्राला तुमच्या स्फटिकापेक्षा ती माहिती अधिक मोलाची असते.

प्रतिसाद : पाषाणवेल्हाळ

भूस्तर साहेब, गार्नेटच्या ओळीविषयी लिहिलेत याबद्दल आभारी आहे. ती मी मुद्दाम वगळली होती, कारण ती खूण शाबूत भिंतीत उपयोगी पडते आणि नवख्या माणसाला भिंतीपासून दूर ठेवणे हाच माझा हेतू होता. माउंट मायकाविषयी वाचकांसाठी थोडे सांगतो. १८२० साली एलायजा हॅमलिन आणि इझीकियल होम्स या दोन तरुणांना तिथे एका उन्मळलेल्या झाडाच्या मुळाशी हिरवा स्फटिक चमकताना दिसला, आणि रात्रीतून बर्फ पडल्यामुळे पुढचा शोध त्यांना वसंतापर्यंत लांबणीवर टाकावा लागला. हा एलायजा म्हणजे पुढे लिंकनचे उपाध्यक्ष झालेल्या हॅनिबल हॅमलिन यांचा थोरला भाऊ.

माहिती टाकून देण्याबद्दलचा तुमचा आक्षेप मला मान्य आहे, परंतु ढिगावरच्या दगडाच्या बाबतीत तो अर्धाच लागू पडतो. तो दगड कोणत्या पट्ट्यातला हे कामगाराने शंभर वर्षांपूर्वीच पुसून टाकले आहे. आता उरतो तो दगडालाच चिकटलेला पुरावा, आणि म्हणूनच मी स्फटिक मोकळा काढण्याच्या विरुद्ध आहे. सोबतचा क्लीव्हलँडाइट तसाच ठेवला तर निदान शेजार तरी कळतो. मी जागेवरच प्रत्येक नमुना वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि त्यातच चिठ्ठी घालतो: खाण, ढिगाची बाजू, खोली, तारीख. घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्याच्या पिशवीत रात्री निव्वळ दगड निघतात.

प्रतिसाद : कुडाळचा नातू

आमच्या आजोळी, सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात, कडावलच्या बाजूला अभ्रकाच्या जुन्या खाणी आहेत. लहानपणी आम्ही तिथून आणलेली अभ्रकाची पाने वहीत ठेवत असू. हा धागा वाचून पुन्हा तिकडे फेरी मारावी असे मनात आले आहे. भूस्तर काका, भारतात अशा सोडून दिलेल्या खाणीतून हौसेपोटी दोन-चार दगड उचलणे कायद्याला धरून आहे का? आणि कोडरमाच्या खाणींत पर्यटक म्हणून जाता येते का? तिकडच्या मुलांविषयी वर्तमानपत्रांत वाचले होते, म्हणून जरा बिचकत विचारतो आहे.

प्रतिसाद : भूस्तर

कायद्याचे उत्तर जमिनीपासून सुरू होते. जमीन खाजगी असेल तर मालकाची परवानगी हवी, राखीव वनातली असेल तर वनविभागाची. भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत वनातले दगड आणि खनिजे हीदेखील वनोपजच आहेत, त्यामुळे ‘पडलेलाच तर दगड आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. खनिज म्हणून पाहिले तर गेल्या काही वर्षांत बरीच उलथापालथ झाली आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत केंद्राने अभ्रक, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार यांसह ३१ खनिजे गौण ठरवून राज्यांच्या अखत्यारीत दिली. पेग्मटाइटात लिथियम, बेरिलियम, नायोबियम आणि टँटलम यांचीही खनिजे असतात आणि गौण खनिजाच्या पट्ट्यांतून त्यांची नोंदच होत नाही, हे लक्षात आल्यावर २० फेब्रुवारी २०२५ च्या अधिसूचनेने अभ्रक, क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि बराइट ही चार खनिजे पुन्हा प्रमुख खनिजांत घेतली गेली. बेरिल तर २०२३ च्या दुरुस्तीपर्यंत अणुखनिजांच्या यादीत होते. विद्यार्थ्याने अभ्यासासाठी एखादा तुकडा उचलला तर कोणी त्याच्यामागे धावत नाही, हे व्यवहारातले सत्य आहे. पण पिशव्या भरून नेणे, विकणे किंवा परदेशी पाठवणे हे वेगळे प्रकरण आहे. कडावलला जाणार असाल तर आधी गावात विचारा, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि मगच पाऊल टाका.

कोडरमाविषयी माझे मत स्पष्ट आहे: हौसेसाठी तिथे जाऊ नये. एके काळी जगभर नावाजलेला लालसर रुबी अभ्रक तिथून जात असे. पुढे १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर अनेक खाणपट्ट्यांचे नूतनीकरण अडले, कृत्रिम पर्याय आले, सोव्हिएत संघासारखा मोठा गिऱ्हाईक गेला, आणि खाणी कागदोपत्री बंद पडल्या. माणसे मात्र तिथेच राहिली. जुन्या ढिगांतून आणि उंदराच्या बिळांसारख्या भुयारांतून ते अभ्रकाचा चुरा वेचतात. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. त्यात बायका असतात, लहान मुलेही असतात, आणि दरड कोसळून माणसे दगावल्याच्या बातम्या येत राहतात. हा ढिबरा पुढे रंग आणि सौंदर्यप्रसाधने यांच्या चकाकीत जातो. पाषाणवेल्हाळ ढिगाला दुसऱ्याने वेगळा काढून ठेवलेला खजिना म्हणतात, ते मेनमध्ये खरे आहे. कोडरम्यात तो ढीग हे कोणाचे तरी रोजचे पोट आहे, आणि तिथे हौशी माणसाने चाळण लावणे मला पटत नाही.

प्रतिसाद : वाघोलीचा वाटसरू

भूस्तर साहेबांशी सहमत आहे. आमच्याकडे पुण्याच्या आसपास वाघोलीच्या खाणींत निळा कॅव्हॅन्साइट निघाला, तेव्हापासून खाणकामगार आणि व्यापारी यांची साखळी इतकी पक्की झाली आहे की हौशी माणसाच्या हाती स्वतः वेचलेले फारसे लागत नाही. मला मात्र नमुने साफ करण्याविषयी विचारायचे आहे. झिओलाइटांना आम्ही आम्लाच्या जवळही नेत नाही, कारण त्यांतले बरेचसे आम्लात विरघळतात किंवा त्यांची पेज होते. पेग्मटाइटातल्या खनिजांवरचे तांबूस डाग कसे घालवता?

प्रतिसाद : पाषाणवेल्हाळ

ते डाग लोहाच्या गंजाचे असतात. गारगोटी, फेल्डस्पार, बेरिल आणि टूर्मलीन ही खनिजे ऑक्झॅलिक आम्लाला दाद देत नाहीत, त्यामुळे प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात त्याच्या पातळ द्रावणात दगड काही दिवस ठेवला तर गंज निघून जातो. नंतर तितकेच दिवस, पाणी बदलत, साध्या पाण्यात ठेवावा, नाहीतर पिवळट थर बसतो. हे आम्ल विषारी आहे. स्वयंपाकघरातले भांडे त्यासाठी कधीही वापरू नये आणि द्रावण गरम करून त्याची वाफ घेऊ नये. अ‍ॅपेटाइट आणि इतर फॉस्फेटे मात्र आम्लाने खराब होतात, ऑट्युनाइट तर पाहता पाहता नाहीसा होतो. म्हणजे ज्या दगडासाठी आपण त्या टेकडीवर जातो, त्याच्या बाबतीत दातांचा जुना ब्रश आणि साबणाचे पाणी यापुढे जाऊ नये. तांबूसपणा थोडा राहिला तर राहू द्यावा.

ओघात आले म्हणून अ‍ॅपेटाइट आणि बेरिल यांतला फरक सांगून ठेवतो, कारण दोन्ही षट्कोनी असतात, दोन्ही निळसर-हिरवी असतात आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. १ ते १० च्या मापात अ‍ॅपेटाइटचे काठिण्य ५ आहे, बेरिलचे साडेसात ते ८. बेरिलचे टोक काचेवर सहज ओरखडा काढते, अ‍ॅपेटाइटचे टोक निसटते. ही परीक्षा चांगल्या स्फटिकावर करू नये, तुटक्या कडेवर करावी.

प्रतिसाद : बॉस्टनवासिनी

आम्ही जाऊन आलो. मुलांनी चाळणीतून भरपूर गार्नेट काढले, धुरकट गारगोटीचा एक टोकदार तुकडाही मिळाला. सप्टेंबरचा सल्ला मोलाचा ठरला, माश्या अजिबात नव्हत्या. माझ्या यजमानांना मात्र एक काळाकुळकुळीत, चकचकीत, अंगठ्याएवढा तुकडा मिळाला आहे आणि तो हाताला बराच जड लागतो. त्यांनी कुठेतरी वाचले की पेग्मटाइटात काळा, जड कोलंबाइट (नायोबियमचे खनिज) सापडतो, आणि तेव्हापासून ते तुकडा खिशातून खाली ठेवायला तयार नाहीत. घरच्या घरी खात्री कशी करावी?

प्रतिसाद : पाषाणवेल्हाळ

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरेसा आहे. तुकडा कोरडा करून आधी त्याचे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, मात्र तो तळाला किंवा कडेला लागता कामा नये. दोरा हातात धरून ठेवा. आता काट्यावर जो आकडा दिसेल तो तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन आहे. पहिल्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. गारगोटीचे २.६५ येते, काळ्या टूर्मलीनचे ३.१ ते ३.२, आणि कोलंबाइटचे ५ च्या वरच असते. टँटलम वाढत गेले तर ते ८ पर्यंत जाते. फरक इतका मोठा आहे की थोडी चूक झाली तरी निकाल बदलत नाही. गारगोटी आणि बेरिल यांच्यातला फरक मात्र या पद्धतीने पकडू पाहू नका, तो फार थोडा असतो.

प्रतिसाद : भूस्तर

त्याआधी तुकड्याकडे नीट पाहा. टूर्मलीनवर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात आणि आडवा छेद फुगीर त्रिकोणासारखा असतो. कोलंबाइट चपटा असतो, त्याच्यावर धातूसारखी झाक असते आणि पुष्कळदा वर मोरपंखी छटा येते. झिलई नसलेल्या फरशीच्या मागच्या बाजूवर घासला तर तो तपकिरी ते काळी रेघ सोडतो. टूर्मलीन रंगीत रेघ सोडत नाही.

प्रतिसाद : बॉस्टनवासिनी

कोरडे वजन ६१ ग्रॅम, पाण्यात १९ ग्रॅम, म्हणजे ३.२ च्या जवळपास. लांबीच्या दिशेने रेघाही आहेत. यजमानांनी दोनदा मोजून पाहिले आणि काट्याच्या बॅटरीवर संशय व्यक्त केला आहे.

प्रतिसाद : पाषाणवेल्हाळ

बॅटरी ठीक आहे, ते काळे टूर्मलीनच आहे. त्यांना सांगा की त्याचे टोक शाबूत असेल तर तो ठेवण्यासारखाच नमुना आहे. एक मात्र कळवा: त्याला खाली चिकटलेला पांढरा भाग ठोकळ्यासारखा आहे की पात्यांचा? पात्यांचा असेल, तर तो ढिगाच्या कोणत्या बाजूला मिळाला तेही लिहा, म्हणजे पुढच्या हंगामात तिथेच चाळण लावता येईल.